अकरा दिवसांची अंगठी

लॉर्ना थर्टलला आमच्या क्लबात सगळे 'शिसेवाली' म्हणायचे. एकोणीस वर्षं ती दर रविवारी डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र, घेऊन शेतात उतरत होती आणि या एकोणीस वर्षांत तिच्या यंत्राखाली गुंजभरही सोनं आलं नव्हतं. बंदुकीच्या गोळ्या, शिशाची वजनं, पोत्यांना लावायची शिशाची सीलं, फार तर एखादं पितळी बटण. संध्याकाळी ती सगळं बादलीत घेऊन यायची आणि बादली गाडीत ठेवली की गाडीचं मागचं चाक खाली बसायचं, असं रॉयडन बन म्हणायचा. रॉयडन आमचा अध्यक्ष. जन्मभर नळजोडणीचं काम केलेला माणूस, आवाज मोठा, मन बरं.

आमच्यात सोनं सापडलं की नाचायचं असतं. कोणी ठरवलं कुणास ठाऊक. यंत्र खाली ठेवायचं, दोन्ही हात वर करायचे आणि त्याच जागी गोल फिरायचं. लांबून ते दिसलं की बाकीचे आपापले खड्डे टाकून धावत येतात. रॉयडन दोनदा नाचला. मी क्लबात येऊन सहा वर्षं झाली, मीही एकदा नाचलो, सोन्याच्या अर्ध्या बटणासाठी. लॉर्ना प्रत्येक वेळी धावत यायची, टाळ्या वाजवायची आणि मग खिशातून वही काढून जागा, खोली, वेळ लिहून घ्यायची. क्लबची नोंदवही तिच्याकडे होती आणि नियमही.

नवीन माणूस आला की पहिलं भाषण तिचं. माझ्या वेळचं मला पाठ आहे. "वस्तू निघाली की पुसायची नाही. अंगठ्याने नाही, पँटला नाही, थुंकी लावून तर नाहीच नाही. पेस्ट नाही, सोडा नाही. माती वाळूसारखी असते, घासलं की चरे पडतात. आणि अंगठी सापडली तर बोटात घालून फोटो काढायचा नाही. जुनं सोनं मऊ असतं, वाकतं. कळलं?" मी म्हटलं, कळलं. मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. मऊ धातूचं काय होतं ते मला माहीत होतं, पण तिच्यासमोर आपल्याला काही माहीत आहे असं दाखवायची सोय नव्हती.

धुण्यातलं तिला कळायचं, कारण जन्म त्यातच गेला होता. सव्वीस वर्षं ती साखर कारखान्यात होती. तिकडे साखर बीटापासून करतात; शेतकऱ्याची बीटची गाडी आली की तिच्यातून एक टोपली काढायची, बीट धुवायचं, किती माती निघाली ते वजन करायचं आणि तेवढं गाडीच्या वजनातून वजा करायचं, हे तिचं काम. शेतकरी तिच्यावर चिडायचे. "आमची माती काढून घेतेस," म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी तिची आई ओलिव्ह स्वयंपाकघरात पडली, खुबा मोडला, आणि लॉर्नाने कारखाना सोडला. तेव्हापासून रविवारी नऊ ते एक एवढाच वेळ तिचा. त्या वेळात शेजारची विनी येऊन बसायची. महिन्यातून एका गुरुवारी संध्याकाळी सहा ते आठ पुन्हा विनी, कारण त्या दिवशी क्लबची बैठक असायची. एक म्हणजे एक आणि आठ म्हणजे आठ. विनीला घरी जाऊन नवऱ्याला जेवायला द्यायचं असायचं.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्याने.

सप्टेंबरमधला पहिला रविवार होता. ज्याच्या शेतात आम्ही जायचो त्या लारवुडच्या गव्हाची कापणी होऊन गेली होती आणि तो पुढच्या आठवड्यात नांगर घालणार होता. बाकीचे सगळे वरच्या अंगाला, जुन्या रस्त्याच्या कडेला होते. ती एकटी खाली, कुंपणाच्या झुडपांजवळ. साडेबाराला यंत्र वाजलं. जेमतेम वाजलं, तिला वाटलं, डब्याच्या झाकणाची पट्टी असेल. सात इंचांवर मातीच्या ढेकळातून एक पिवळी कड दिसली.

सोनं जमिनीत काळं पडत नाही. चांदी पडते, तांबं हिरवं होतं, सोनं गेलं तसंच परत येतं. त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

"मग नाचलीस का?" मी विचारलं होतं.

"कोण बघत होतं? आणि एकला विनी जाणार होती." मग म्हणाली, "दोनदा पाय आपटले. उभ्या उभ्या."

तिने ढेकूळ तसंच डबीत ठेवलं आणि घरी गेली. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे धावत आले असते आणि एक वाजून गेला असता.

तीनशे वर्षांहून जुनं सोनं सापडलं तर ते चौदा दिवसांत कळवायचं असतं. मग सरकारी चौकशी होते, संग्रहालयाला हवं असेल तर संग्रहालय घेतं, आणि तिथे काचेखाली वस्तूशेजारी छोटं कार्ड लागतं: कुठे सापडली, कोणाला सापडली. नॉरिचच्या संग्रहालयात रॉयडनच्या नाण्याशेजारी त्याचं नाव आहे. लॉर्नाने ते कार्ड इतक्यांदा वाचलं होतं की त्यातली छपाईची चूकही तिला पाठ होती. तिला पैसे नको होते. कार्ड हवं होतं. ल. थर्टल.

दुपारी आई झोपली तेव्हा तिने सिंकमध्ये भोक बंद करून एक बशी ठेवली, बशीत इस्त्रीत घालायचं शुद्ध पाणी, आणि पाण्यात ते ढेकूळ. वीस मिनिटांत माती सुटली. अंगठी साधी होती, बाहेरून गुळगुळीत, पातळ. आतल्या बाजूला मात्र अक्षरं होती आणि अक्षरांत माती घट्ट बसलेली. अशा वेळी लोक सुई घेतात. लॉर्ना घ्यायची नाही. तिच्याकडे काट्यांची पेटी होती, कुंपणाच्या झुडपांचे वाळवलेले काटे, पेन्सिलीच्या टोकाला दोऱ्याने बांधलेले. काटा लाकडाचा, सोन्याला चरा पाडत नाही, अक्षरातली माती तेवढी उचलतो. भिंग डोळ्याला लावून ती एकेक अक्षर उकरत बसली. दीड तासात ओळ पूर्ण झाली. जुन्या काळी प्रेमाच्या माणसाला अशी आतून ओळ कोरलेली अंगठी द्यायचे. ओळ आत, कातडीला टेकून, दुसऱ्या कोणाला दिसू नये म्हणून. ओळ होती: जिथे मन तिथे मी.

तेवढ्यात आईने हाक मारली. संडासला जायचं होतं, लगेच.

आईला उठवायला दोन्ही हात लागतात. अंगठी ओली होती, बशी आता सिंकच्या कडेवर, आणि मांजर खिडकीत. तिने अंगठी डाव्या हाताच्या बोटात सरकवली आणि गेली. ओली होती म्हणून सरसर गेली. आईने उठताना नेहमीसारखी तिची बोटं गच्च धरली, सगळं वजन त्यावर टाकून. परत येऊन बघते तर अंगठी पेरामागे. पेर लाल.

"हे काय?" आई म्हणाली. तिला आता खुर्चीत बसवलेलं होतं.

"अंगठी."

"ते दिसतंय मला. मी लंगडी आहे, आंधळी नाही. कोणाची?"

"साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कोणाची तरी."

"म्हणजे तुझ्याहून थोडाच मोठा म्हणायचा."

सोमवारी तिने नोंदणी अधिकाऱ्याला पत्र पाठवलं. कॅलम रीव्ह म्हणून तरुण माणूस आहे, परगण्यातल्या सगळ्या सापडलेल्या वस्तू तोच नोंदवतो आणि महिन्याच्या आमच्या गुरुवारच्या बैठकीला येतो. 'सोन्याची अंगठी सापडली आहे. दुसऱ्या गुरुवारी बैठकीत देते.' एवढंच लिहिलं. फोटो पाठवला नाही. फोटोत बोट आलं असतं.

मग सुरू झालं. साबण. लोणी. भांडी घासायचं द्रावण. हात वर करून, थंड पाण्यात धरून. प्रत्येक वेळी पेर जरा जास्त सुजायचं. डॉक्टरकडे गेली नाही. डॉक्टर काय करणार ते तिला माहीत होतं, कापणार. कापलेली अंगठी कोण काचेखाली ठेवणार? आणि दवाखाना बावीस मैलांवर, विनी ठरल्या वेळेशिवाय येणार नाही.

"लोणी लावलंस?" आई.

"लावलं."

"मग राहू दे. मी माझी लग्नाची अंगठी बासष्ट वर्षं काढली नाही. काही बिघडलं?"

"तुझी तुझी आहे, आई. ही माझी नाही."

"त्या कारखान्यातल्या फिटरची घातली असतीस तर हिची वेळ आली नसती."

"तेव्हा बाबा अंथरुणाला होते."

"हो," आई म्हणाली. "कोणी ना कोणी असतंच." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मधल्या रविवारी ती शेतात आली तेव्हा दोन्ही हातांत मोजे होते. कोणी लक्ष दिलं नाही. सकाळी गारठा होता.

अकरा दिवसांनी, गुरुवारी, ती सहा वाजून दहा मिनिटांनीच बैठकीच्या हॉलमध्ये हजर. उजव्या हातात पेन, डाव्या हातावर चढवलेला लोकरी हातमोजा. खिडक्यांतून ऊन येत होतं आणि स्वयंपाकघरात चहाचं पातेलं उकळत होतं, मोज्याचं काही कारण नव्हतं.

"अगं पोरी, डाव्या हाताला एकट्यालाच थंडी वाजते?" रॉयडनने विचारलं.

"खाज आहे."

"शिशाची असेल."

तासभर ती टेबलाशी बसून बाकीच्यांच्या वस्तू लिहीत होती. मी शेजारी बसून वजनं सांगत होतो. अक्षर नेहमीसारखं सुबक, पण डावा हात टेबलाखाली. सव्वासातला कॅलम तिच्यासमोर आला, हातात प्लॅस्टिकची पिशवी उघडून.

"मिस थर्टल, तुमची अंगठी? सकाळपासून वाट बघतोय मी."

"आणली आहे."

"द्या की मग."

"देता येत नाही."

"बघा!" रॉयडन ओरडला. "शिसेवालीला सोनं मिळालं, तर हातचं सुटेना!"

सगळे हसले. लॉर्नाने मोजा काढला आणि हसणं थांबलं. बोट जांभळं होतं. अंगठी दिसतच नव्हती. दोन्ही बाजूंनी मांस फुगून वर आलं होतं आणि मध्ये एक पिवळी चीर.

थेल्मा ग्रीव्ह खुर्ची सारून उठली. चाळीस वर्षं सुईण होती ती. "कधीपासून?"

"आज अकरा दिवस झाले."

"अकरा! तुला डोकं आहे की यंत्रात ठेवून आलीस?"

माझ्या खिशात जाडी मोजायचा कॅलिपर असतो, सवयच आहे. मी पेर मोजलं. साडेएकवीस मिलिमीटर. अंगठी आतून फार तर अठरा. साडेतीन मिलिमीटर. माझ्या कामात साडेतीन मिलिमीटर म्हणजे मैलभर.

थेल्माने पर्समधून दात साफ करायचा मेणाचा दोरा काढला. एक टोक अंगठीखालून सारलं, ते सारतानाच लॉर्नाचा चेहरा पांढरा पडला. मग दोरा पेरावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळला, म्हणजे सूज दबते, आणि खालच्या टोकाने उलगडायला सुरुवात केली. एकेक वेढा सुटतो, अंगठी एकेक वेढा वर चढते. आम्ही सगळे वाकून बघत होतो. चढली. आणखी चढली. कोणीतरी "येतेय, येतेय" म्हणालं.

"नियम तूच केलास ना गं?" थेल्मा उलगडता उलगडता म्हणाली, बहुतेक तिचं लक्ष दुसरीकडे वळवायला. "बोटात घालायची नाही म्हणून?"

"हात मोकळे हवे होते. आईला उठवायचं होतं. सांभाळायला म्हणून घातली."

अंगठी पेराच्या बरोबर माथ्यावर आली आणि थांबली. दोरा तुटला.

थेल्माने पुढे ढकलली, मागे ढकलली. काही नाही. आता ती खालीही जात नव्हती. बोटाचं टोक जांभळ्याचं राखाडी होऊ लागलं.

"बास," थेल्मा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आता अर्धा तास. त्यापुढे मला बोटाची खात्री नाही."

"गाडीत पत्रा कापायची कात्री आहे," रॉयडन म्हणाला.

"नाही!" कॅलम जवळजवळ किंचाळला. मग स्वतःच ओशाळला. "म्हणजे, समोरच्या आगीच्या बंबवाल्यांकडे अंगठी कापायचं अवजार असतं. पण..." त्याने फोन काढला, कोणाला तरी लावला, नुसता वाजत राहिला. "चौकशी कचेरी पाचला बंद होते. मिस थर्टल, ही वस्तू निर्णय होईपर्यंत कायद्याने तुमची नाही, माझीही नाही. कापा असं मी सांगू शकत नाही."

"कापू नका असं सांगतोस?" थेल्माने विचारलं.

"तसंही नाही."

"मग तू इथे कशाला उभा आहेस?"

कॅलमचे कान लाल झाले. मी रस्ता ओलांडून ग्लिनला बोलावून आणलं. ग्लिनचं गॅरेज आहे आणि गावचा बंबही तोच चालवतो. हाताला ग्रीस तसंच. त्याचं अवजार डबा उघडायच्या चावीसारखं होतं: खालून एक पातळ जीभ, जी अंगठी आणि बोट यांच्यामध्ये सरकवायची, आणि वरून दाते असलेलं छोटं चाक, हाताने फिरवायचं. ग्लिनने बोट बघितलं, शीळ घातली आणि आमच्याकडे वळला.

"कापू?"

कॅलम पिशवीकडे बघत होता. रॉयडन छताकडे. मीही काही बोललो नाही, हे लिहिलं पाहिजे. कोणी एकाने जरी 'काप' म्हटलं असतं तर ते त्याच्या नावावर गेलं असतं, आणि प्रत्येकाला आपलं नाव आठवलं.

लॉर्नाने घड्याळाकडे पाहिलं. पावणेआठला पाच कमी होते.

"आतल्या बाजूला अक्षरं आहेत," ती ग्लिनला म्हणाली. "जीभ सरकवताना घासू नको. तिरकी घाल."

"अक्षरं कुठे सुरू होतात?"

"आता नाही सांगता येत. फिरली आहे ती." मग म्हणाली, "खोटं बोलले मी मघाशी. सांभाळायला नव्हती घातली. डबी शेजारीच होती, झाकणासकट. मला बघायचं होतं कशी दिसते."

थेल्माने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"काप," लॉर्ना म्हणाली.

चाक फिरायला लागलं. जुनं सोनं मऊ, दहा-बारा फेऱ्यांतच आवाज बदलला. कॅलमने खाली पांढरा कागद धरला होता, पडणारा कीस गोळा करायला. ग्लिनने दोन चिमट्यांनी अंगठी केसभर फाकवली आणि ती निघाली. लॉर्ना ओरडली नाही. तिने तोंड उजव्या बाहीत खुपसलं होतं.

कॅलमने भिंगाखाली धरलं. काप 'तिथे' या शब्दातून गेला होता. एक अक्षर नाहीसं झालं होतं, कागदावरच्या किसात गेलं होतं. बाकीची ओळ स्वच्छ होती, इतकी की त्याने दोनदा विचारलं, "हे कशाने साफ केलंत?"

"काट्याने."

"सुंदर केलंय," तो म्हणाला.

वजन झालं: तीन पूर्णांक एक दशांश ग्रॅम, किसासकट. मग तो फॉर्म भरायला बसला. वस्तू, धातू, जागा, खोली, शोधणारी व्यक्ती. हात भराभर चालला होता. 'स्थिती'च्या रकान्यात त्याने लिहिलं: अलीकडचा काप. त्याच्या पुढे 'कोणाकडून' असं छापलेलं होतं आणि तिथे पेन थांबलं.

"अग्निशमन दल, असं लिहितो," तो म्हणाला. "नाहीतर वैद्यकीय कारण. नुसतं तेवढंच लिहिता येईल. कोणी विचारणार नाही."

"विचारलं तर?"

"तर... बघू."

थेल्मा तिच्या बोटाला पट्टी बांधत होती. लॉर्नाने उजवा हात पुढे करून त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं, फॉर्म स्वतःकडे वळवला आणि तिच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं: ल. थर्टल.

"कार्डावर येईल का हे?" तिने विचारलं.

"संग्रहालयाने घेतली तर शोधणारीचं नाव येतं. कापाचं कोण कार्डावर लिहितं? ते अहवालात राहतं." कॅलमने पिशवी बंद केली. "कापलेली अंगठी घेतील की नाही, मला खरंच माहीत नाही. खोटं कशाला सांगू?"

"नको सांगू," ती म्हणाली.

आठला दहा मिनिटं कमी होती. तिने नोंदवही मिटून माझ्याकडे सरकवली, कोट एका हाताने चढवला. रॉयडनने गाडीने सोडतो म्हटलं, ग्लिननेही म्हटलं. तिने मान हलवली. तिला गाडी तिथेच ठेवून चाललं नसतं, सकाळी आईची औषधं आणायची होती.

"आईला कशी उठवणार या हाताने?" थेल्माने विचारलं.

"दुसरा आहे ना," लॉर्ना म्हणाली, आणि गेली.